मदत हवी आहे: गावातील आणि पुण्यातील घरगुती इंटरनेटच्या वेगाची रास्त तुलना कशी करावी?

नमस्कार.

पुण्यातील एका वास्तुरचनाकारांच्या कार्यालयासाठी मी इमारतींचे नकाशे काढते. आईला एकटे ठेवणे शक्य नसल्यामुळे गेल्या जूनपासून संगमेश्वर तालुक्यातील आमच्या गावी राहूनच हे काम चालू आहे. आता कार्यालयाने कळवले आहे की, गावातील इंटरनेट कामाला पुरेसे पडते हे महिनाअखेरपर्यंत आकड्यांनिशी दाखवावे, अन्यथा पुण्याला परत यावे. त्यांची मागणी मला अवाजवी वाटत नाही. परंतु पहिल्या आठवड्यात घेतलेले आकडे इतके परस्परविरोधी आहेत की ते तसेच पाठवणे प्रामाणिकपणाचे वाटत नाही, म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

तुलनेसाठी कोथरूडला राहणाऱ्या भावाच्या घरची जोडणी घेतली आहे. त्याचा प्लॅन १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिट) आहे आणि माझा ५० एमबीपीएसचा. फायबर दोन्हीकडे घरापर्यंत आलेले आहे. मात्र आमच्याकडची तार केबलवाल्यांनी खांबांवरून आणि कुठेकुठे झाडांवरून ओढत आणलेली आहे. भावाकडे दिवसातून केव्हाही मोजले तरी आकडा ९० च्या वर असतो. माझ्याकडे सकाळी ७ वाजता ४८ दिसतात, आणि रात्री ९ वाजता कधी ४५ तर कधी ९. सर्वांत न उलगडलेली गोष्ट ही की, ४५ दिसत असतानाही कार्यालयाच्या सर्व्हरवर २०० एमबीची फाइल चढवायला सात मिनिटे लागतात, म्हणजे (एक एमबी म्हणजे आठ मेगाबिट धरून) अपलोडचा वेग जेमतेम ४ एमबीपीएस पडतो. तीच फाइल भाऊ २० सेकंदांच्या आत पाठवतो.

आमचे घर जांभ्या चिऱ्याचे आहे, राउटर पडवीत आहे आणि मी माजघरात बसते, त्यामुळे यात घराच्या भिंतींचा दोष किती आणि जोडणीचा किती, हेही मला वेगळे काढता आलेले नाही. शिवाय पावसाळ्यात फांदी पडून तार दोनदा तुटली आणि प्रत्येक वेळी दुरुस्तीला दीड दिवस गेला. लाइट गेल्यावर राउटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण इंटरनेट बंद पडते. कोणत्याही स्पीड टेस्टच्या आकड्यात हे तास येत नाहीत, आणि माझ्या कामाचे खरे नुकसान तर याच तासांत होते. तेव्हा मोजणी कोणत्या वेळी, कोणत्या साधनावर आणि कोणत्या सर्व्हरशी करावी, आणि बंद पडलेले तास तुलनेत कसे धरावेत, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद:

ताई, केबल जोडणीच्या कामात मी बरीच वर्षे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

४५ आणि ९ हे दोन्ही आकडे बहुधा खरे आहेत. स्पीड टेस्ट सहसा सर्वांत जवळचा सर्व्हर निवडते, आणि तो अनेकदा सेवा देणाऱ्याच्या स्वतःच्याच जाळ्यात असतो. तेव्हा ४५ हा तुमच्या घरापासून त्यांच्या यंत्रणेपर्यंतचा वेग झाला. तुमची फाइल त्यापुढेही जायची असते. त्यामुळे तुम्ही आणि भावाने मुंबईतला एकच सर्व्हर हाताने निवडावा आणि ठरलेल्या वेळी दोघांनीही त्याच्याशीच मोजणी करावी. लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडावा, म्हणजे चिऱ्याच्या भिंतींचा प्रश्न मिटेल. भावाच्या राउटरचे पोर्ट जुने १०० एमबीपीएसचे असेल, तर तिथे ९४–९५ च्या वर आकडा दिसणारच नाही. तो जोडणीचा दोष समजू नये.

फायबरच्या शेवटच्या टप्प्यात सहसा वेग अडत नाही. घरगुती फायबरच्या नेहमीच्या जीपॉन पद्धतीत एका तारेवर खाली येणारे सुमारे २.५ जीबीपीएस आणि वर जाणारे सुमारे १.२५ जीबीपीएस ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. सगळी ६४ घरे एकाच क्षणी पूर्ण वापर करू लागली तरी प्रत्येकाच्या वाट्याला डाउनलोडचे जवळजवळ ३९ एमबीपीएस येतात. खरी चणचण असते ती केबलवाल्याने पुढे मुंबईच्या दिशेने विकत घेतलेल्या क्षमतेची. समजा, त्याने ५०० घरांसाठी १ जीबीपीएस घेतले आहेत, तर सकाळी कोणाची तक्रार नसेल, पण रात्री सगळे एकदम बसले की वाट्याला २ एमबीपीएस उरतील. अंतराचे कारण कोणी सांगितले तर मानू नका. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे मुंबईपर्यंतची तार ४०० किलोमीटर धरली तरी जाऊन येऊन ४ मिलिसेकंद होतात. रात्री पिंग, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, ७०–८० मिलिसेकंद दिसत असेल, तर वाटेत गर्दी आहे.

सरासरी काढू नका. दोन आठवडे रोज सकाळी ७, दुपारी ३ आणि रात्री ९ वाजता डाउनलोड, अपलोड आणि पिंग लिहून ठेवा आणि प्रत्येक वेळेचा मधला आकडा व सर्वांत वाईट आकडा द्या. डाउनलोडची तुलना प्लॅनच्या प्रमाणात करा, कारण ५० च्या प्लॅनवर ४८ मिळणे हे १०० वर ९० मिळण्यापेक्षा कमी नाही. अपलोड मात्र थेट आकड्यात द्या. नकाशे पाठवताना तोच लागतो. बंद पडलेल्या तासांचा तक्ता वेगळा ठेवा आणि त्यात तार तुटल्याचे तास व लाइट गेल्याचे तास निराळे लिहा. फायबरच्या फाट्यावर एका तारेचा प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही, म्हणून तुमचा राउटर आणि फायबरची पेटी (तार घरात जिथे संपते ते यंत्र) चालू असूनही इंटरनेट जात असेल, तर केबलवाल्याच्या यंत्राला बॅटरीचा आधार नाही असे समजावे.

‘ब्रॉडबँड’ या शब्दावर कार्यालयाशी वाद घालू नका. आपल्याकडे २०२३ पासून त्यासाठी किमान २ एमबीपीएस पुरतात, आणि त्याआधी तर ५१२ केबीपीएस पुरत असत. तुमच्या कामाला त्या व्याख्येचा काहीच उपयोग नाही. फायबरच्या पेटीच्या सेटिंगच्या पानावर तारेतून येणाऱ्या प्रकाशाची पातळी मात्र अवश्य पाहा. ती उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाच्या तीव्रतेचे माप) आसपास, म्हणजे फारच क्षीण, असेल, तर सांधा किंवा तारेची मोड तपासून घ्यावी.

धागाकर्ती:

आपण इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. प्रकाशाची पातळी उणे २१ आहे, म्हणजे तिथे अडचण दिसत नाही. लॅन केबल जोडून जवळच्या सर्व्हरशी ४७ मिळाले आणि लगेच मुंबईच्या सर्व्हरशी डाउनलोड ११, अपलोड ४, पिंग ७४. पहाटे ६ वाजता मुंबईशीच मोजले, तेव्हा डाउनलोड ४७, अपलोड ४६ आणि पिंग १२ होते.

आमच्या वाडीतली आणखी सहा घरे त्याच तारेवर आहेत आणि त्यांतली दोन मुले रात्रीच ऑनलाइन शिकवणीला बसतात, म्हणून केबलवाल्यांना एकत्रित अर्ज द्यावा असे आम्ही ठरवत आहोत. अर्जात पुढची क्षमता वाढवण्याची आणि यंत्राला बॅटरी बसवण्याची मागणी आहेच. तोपर्यंत मोठ्या फाइल मी पहाटे पाठवीन आणि तसे कार्यालयाला स्पष्ट कळवीन. आता एवढेच विचारायचे आहे की, भारतनेटचे (ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची सरकारी योजना) फायबर ज्या ग्रामपंचायतीपर्यंत आले आहे, तिथून घरगुती जोडणी कोणी घेतली आहे का, आणि घेतली असल्यास रात्री ९ वाजता मुंबईच्या सर्व्हरशी अपलोड किती मिळतो?