पौलाच्या गलबताचे चार नांगर

अनुजा (बी-२०४): २९ जूनला पेत्र-पौलाचा सण. मुलांच्या देखाव्यासाठी पौलाचं गलबत रंगवतेय, कैदी म्हणून त्याला रोमला नेताना वादळात सापडलेलं. नांगर नाळेवरच, म्हणजे पुढच्या टोकावरच दाखवायचा ना, काका?

रेमंडकाका: नाळेवर नको गं. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७, ओवी २९ बघ. चार नांगर, चारही वरामावरून, म्हणजे मागच्या टोकावरून. एरवी नांगर नाळेवरून टाकतात आणि गलबत वाऱ्याकडे तोंड करून झुलतं. पण इथे वारा किनाऱ्याकडे रेटत होता. नाळेवरून टाकला असता तर गलबत गर्रकन फिरून वराम खडकांकडे आला असता. वरामावरून टाकल्यामुळे तोंड किनाऱ्याकडेच राहिलं. उजाडल्यावर नांगर तोडले, शीड उभारलं आणि सरळ किनाऱ्याकडे. पाणी आधी २० वाव, थोडं पुढे १५. म्हणजे ३७ मीटरवरून २८ वर, तेही रात्रीच्या काळोखात.

अनुजा: आणि गलबताला दोर आवळलेले दाखवू का?

रेमंडकाका: जरूर. पण दोर तळाखालून घे, एका बाजूने खाली, दुसऱ्या बाजूने वर. वादळात डोलकाठीचा ताण तळावर येतो, फळ्यांचे सांधे उघडतात. ते धरून ठेवायला हे दोर. क्रेताजवळच्या कौदा बेटाच्या आडोशाला हे काम केलं, तिथेच मागची होडीही वर ओढून घेतली.

ग्लोरियामावशी: त्या होडीवरूनच पौल कळतो! खलाशी नांगर टाकायच्या निमित्ताने होडी खाली सोडून पळायच्या बेतात होते. हेरलं कोणी, तर कैदी असलेल्या पौलाने. शताधिपतीला, म्हणजे शिपायांच्या रोमी अधिकाऱ्याला म्हणाला, हे गलबतात राहिले नाहीत तर तुमचा बचाव व्हायचा नाही. शिपायांनी दोर कापून होडी सोडून दिली. त्याआधी क्रेतातल्या ‘सुंदर बंदर’ नावाच्या बंदरातच त्याने सांगितलं होतं, पुढे जाऊ नका. यहुद्यांचा शरद ऋतूतला प्रायश्चित्ताचा उपवास होऊन गेला होता, दर्यावर जायचा हंगाम सरला होता. पण शताधिपतीने ऐकलं तांडेलाचं आणि मालकाचं.

नील (ए-१०१): मग पौल नंतर काही बोलला का त्यावर?

ग्लोरियामावशी: बोलला ना, ओवी २१. माझं ऐकायला हवं होतं, असं तोंडावर. स्पष्ट माणूस, पण लगेच धीरही देणारा. १४ दिवस धड न जेवलेल्या २७६ जणांना त्याने पहाटे खायला लावलं. भाकर घेतली, सर्वांदेखत देवाचे आभार मानले, मोडली आणि आधी स्वतः खाल्ली. मग सगळे जेवले. त्यानंतरच गहू समुद्रात टाकला, गलबत हलकं करायला. अनुजा, हाच क्षण घे. हात उंचावलेला पौल नको.

नील: करिंथकरांना पत्रात पौल लिहितो की तीनदा गलबत फुटलं. त्यातलं हे तिसरं का?

रेमंडकाका: नाही, चौथं! ते पत्र या प्रवासाच्या आधीचं. एक रात्र आणि एक दिवस समुद्रात काढल्याचंही त्याच पत्रात आहे. म्हणून तर सुंदर बंदरातला त्याचा इशारा मला नुसत्या धार्मिक माणसाचा वाटत नाही.

अनुजा: पुढे गलबत फुटल्यावर ते पोचले त्या मलिता (माल्टा) बेटावरचा सापही दाखवायचाय.

ग्लोरियामावशी: मग काटक्यांची मोळी हवीच. साप तिच्यातून निघाला. पाऊस, थंडी, भिजलेली एवढी माणसं, आणि शेकोटीसाठी काटक्या गोळा करत होता पौल.