झांकीच्या रात्री फुटपाथवरची जागा – म्हाताऱ्या माणसाला कुठे बसवावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इंदूरकरांनो, त्यातही जेल रोड, जवाहर मार्ग, नृसिंह बाजार भागात राहणाऱ्यांनो, अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या मिलच्या झांक्यांच्या (गाड्यांवरच्या सजवलेल्या देखाव्यांच्या) मिरवणुकीबद्दल तुमचा सल्ला हवा आहे.

माझे सासरे कापड मिलमध्ये साच्यांवर (मागांवर) होते. अनंत चतुर्दशी जवळ आली की पाळी संपल्यावर घरी न येता झांकीच्या कामाला थांबायचे. हलत्या पुतळ्यांचे हात तारेने मोटरला जोडायचं काम त्यांच्याकडे असे. आता वय 81, गुडघे अजिबात साथ देत नाहीत. टीव्हीवर झांकी दाखवली तर बघत नाहीत, म्हणतात, "त्यात तार कुठे दिसते?"

मागच्या वर्षी दुपारी तीनला मी आणि मुलगा जेल रोडच्या फुटपाथवर सतरंजी अंथरून आलो, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या. मुलगा दोन तास बसला, मग जेवायला घरी आला. वाहनं बंद, म्हणून बाबांना रामबागेतून हाताला धरून, तीन ठिकाणी टेकवत नेलं. पोचलो तर सतरंजी गुंडाळून विजेच्या खांबाला उभी केलेली, आणि तिथे एक कुटुंब बसलेलं. त्यांच्यातल्या बाईंच्या मांडीवर तान्हं मूल. त्या म्हणाल्या, जागा चादरीची नसते, माणसाची असते.

आमचे हे चिडले, त्यांचे यजमानही उठले, आणि ढकलाढकलीत बाबांची घडीची खुर्ची मोडली. थोडं पुढे एका दुकानासमोर खुर्च्या मांडलेल्या होत्या, पण एकेका खुर्चीचे शंभर रुपये मागत होते. तेही फुटपाथवरच! बाबा म्हणाले, "चला घरी." पहिल्या मिलची झांकी यायच्या आत आम्ही परतलो. पहाटेपर्यंत ढोलांचा आणि आखाड्यांचा आवाज खिडकीतून येत होता. ते जागेच होते.

त्या बाईंवर माझा आज राग नाही. लेकरू घेऊन कुणी उभं असताना रिकामी सतरंजी जागा अडवून बसावी, हे मलाही पटत नाही. पण पलीकडे झाडापासून खांबापर्यंत निदान तीस फूट सुतळी बांधलेली होती आणि आत रात्री नऊपर्यंत चिटपाखरू नव्हतं. त्याला कुणी हात लावला नाही, कारण बांधणारे ओळखीचे आणि दांडगे. हे मात्र सलतं.

तर या बाबतीत काही नियम आहे का? तक्रार करायची तर कुणाकडे आणि केव्हा? आणि भांडण न करता म्हाताऱ्या माणसाला दोन तास बसता येईल अशी जागा या मार्गावर कुठे आहे?

नृसिंह बाजारचा
ताई, फुटपाथ कुणाच्याच नावावर नसतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर अडथळा केला तर पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण त्या रात्री पोलिसांचा सगळा जीव मिरवणूक पुढे सरकवण्यात असतो, सुतळी सोडवायला कुणी यायचं नाही. बांधलेली दिवसाच दिसली तर फोटो काढून महापालिकेच्या इंदूर 311 ॲपवर तक्रार टाका.
खरा उपाय वेळेचा आहे. जेल रोडला गर्दी संध्याकाळपासून असते. आमच्याकडे झांक्या पोचेपर्यंत मध्यरात्र उलटते, तोवर लेकरंबाळं घेऊन आलेले बरेच जण परतलेले असतात. बाबांना संध्याकाळी झोपू द्या आणि बाराच्या सुमारास आणा. आमचा ओटला आहे, पाठ टेकायला भिंतही आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का?

मूळची लोकमान्य नगरची
मी लॉस एंजेलिसजवळ राहते. इथे पासाडेनाला 1 जानेवारीला रोझ परेड (फुलांनी सजवलेल्या रथांची मिरवणूक) असते, तिथेही हीच मारामारी. म्हणून शहराने नियमच घालून दिलेत. 31 डिसेंबरला दुपारी बाराच्या आधी फुटपाथवर जागा धरायची नाही. रात्री अकरानंतर रस्त्यावर आखलेल्या निळ्या रेषेपर्यंत सरकता येतं. दोरी बांधून जागा वेगळी काढायला बंदी. आपल्याकडे निदान एवढी वेळ जरी ठरवून दिली, तरी आदल्या दिवसापासूनच्या सुतळ्या बंद होतील.

जुना मिलवाला
बाबांचे सोबती अजून असतील की. झांकी निघायच्या आधी मिलच्या आवारात दिवे लावून बघतात, तेव्हा त्यांना घेऊन जा. गर्दी नाही, आणि मोटरला हातही लावू देतील.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. नृसिंह बाजारचे दादा, व्यनि केला आहे. सतरंजी आणि विटा यंदा घरीच राहतील. आवारात न्यायचं तर बाबांना आधीच सांगितलं, त्यांनी दोन सोबत्यांना फोनही लावला. ओटल्याचं कळल्यावर मात्र त्यांचा लगेच प्रश्न: तिथून झांकीची डावी बाजू दिसते की उजवी? त्यांच्या वेळी मोटर डावीकडे बसवायचे. दादा, तेवढं सांगाल का?