मदत हवी आहे : विनाचालक टॅक्सीच्या अ‍ॅपने प्रवाशाला किती सांगावं?

नमस्कार मंडळी,

मी अ‍ॅरिझोनात टेंपीला यूएक्स (अ‍ॅप वापरणाऱ्याला सोपं जावं अशी रचना करणं) शिकते आहे. शेवटच्या सत्राला प्रकल्प घेतलाय : विनाचालक टॅक्सीत पहिल्यांदाच बसणाऱ्या साठीपुढच्या लोकांसाठी अ‍ॅप. गाडीचा प्रश्नच नाही, ती रस्त्यावर आहेच. फिनिक्स परिसरात ऑक्टोबर 2020 पासून वेमो कंपनीची ड्रायव्हर नसलेली गाडी कोणालाही बोलावता येते. टपावरच्या घुमटावर आपली आद्याक्षरं दिसतात, दार अ‍ॅपमधून उघडतं, आतल्या स्क्रीनवर आजूबाजूच्या गाड्या नि माणसं आकृत्यांसारखी सरकत असतात, मध्येच उतरायला बटण आहे, मदतीला माणूसही फोनवर येतो. मी अडलेय ती याच्या पुढे.

आईबाबा नाशिकहून आलेत, त्यांना फिरवून आणलं. बाबा खूश, व्हिडिओ काढण्यात दंग. आई मात्र दारावरचं हँडल सोडेना. एका चौकात डावीकडे वळताना गाडी मध्येच थांबली. सिग्नल हिरवा, मागचा हॉर्न वाजवतोय. आई म्हणाली, "अगं, ही का थांबली? विचार ना तिला." पलीकडून सायकलवाला येत होता, तो आईच्या बाजूने दिसत नव्हता. स्क्रीनवर तो होता, पण तिने पर्समधून चष्मा काढेपर्यंत गाडी वळूनही गेली.

माझ्या मार्गदर्शक बाईंचं म्हणणं सरळ आहे : दर वेळी कारण सांग, "सायकलस्वारासाठी थांबले आहे" वगैरे. विश्वासाची प्रश्नावली आधी नि नंतर भरून घ्यायची, गुण वाढले की काम झालं.

मला हे पटत नाही, आणि त्याला कारण याच गावातलं आहे. 18 मार्च 2018 च्या रात्री इथल्या मिल अ‍ॅव्हेन्यूवर उबरच्या चाचणीच्या गाडीने सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या बाईंना उडवलं, त्यात त्या गेल्या. चौकशी अहवालानुसार त्या बाई गाडीला धडकेच्या 5.6 सेकंद आधी दिसल्या होत्या. पण यंत्रणा त्यांना कधी गाडी, कधी सायकल, कधी 'अनोळखी वस्तू' धरत राहिली, आणि दर वेळी त्या कुठे जातील याचा हिशेब नव्याने मांडत राहिली. देखरेखीला बसवलेल्या व्यक्तीचं लक्ष मोबाईलमध्ये होतं.

आता सांगा, अशा वेळी माझ्या अ‍ॅपने काय दाखवायचं? छातीठोकपणे "सायकल" म्हटलं तर ते खोटं. डळमळणारे अंदाज जसेच्या तसे दाखवले तर आई चालत्या गाडीतून उडी मारेल. माणसाचा यंत्रावर विश्वास किती असावा यावरच्या जॉन ली आणि कॅट्रिना सी यांच्या 2004 च्या लेखाचा सूर असा की यंत्राची जेवढी कुवत, तेवढाच विश्वास बसावा, जास्त नको. मग गुण वाढवत नेणारं अ‍ॅप म्हणजे जाहिरातच झाली की!

यूएक्सवाले, गाड्यांतले जाणकार आणि ज्येष्ठ मंडळी, सगळ्यांची मतं हवी आहेत.

घाटवाट : पुण्यात गाड्यांच्या चाचणीत आहे. तुमची शंका रास्त आहे, पण एक गल्लत होतेय. ली-सी बोलतात ते यंत्र चालवणाऱ्याबद्दल, ज्याला ऐनवेळी ताबा घेता येतो. तुमच्या आईंच्या हातात स्टिअरिंग नाही. बसायचं की नाही, उतरायचं की नाही, कोणाला तरी बोलवायचं की नाही, एवढंच त्यांना ठरवता येतं. ज्या सूचनेने यातलं काहीच ठरत नाही ती काढून टाका. समोर सायकल आहे की गाडी हे सांगूच नका. "वाट मोकळी होईपर्यंत थांबते आहे" हे वाक्य वर्गीकरण चुकलं तरी खरंच राहतं. आणि ब्रेक लागायच्या आधी बोला. धक्का बसल्यावर दिलेलं कारण सारवासारव वाटतं. लाल सिग्नलला मात्र गप्प बसा, नाहीतर लोक पहिल्याच फेरीत आवाज बंद करतील.

रिकामटेकडा : गडकरी साहेबांनी सांगून टाकलंय, ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील म्हणून या गाड्या भारतात येऊ देणार नाही. तेव्हा काकूंची चाचणी तिकडेच उरकून घ्या :) बाकी लिफ्टमन गेला तरी आपण लिफ्टमध्ये चढतोच ना? तिथे तरी मोटर काय करतेय हे कोण दाखवतं? मजल्याचा आकडा, घंटीचं बटण, संपलं.

सुमनताई : मी सत्तरीची, सॅन होजेला लेकीकडे येऊन-जाऊन असते. गाडीला काय दिसतं याच्याशी मला काय करायचंय? ती मला नेमकी कुठे सोडणार ते सांगा. दवाखान्याच्या दारात की रस्त्याच्या पलीकडे? गुडघे दुखतात हो. दुसरं, ते मध्येच उतरायचं 'पुल ओव्हर' बटण. लेकीने दाखवलं, पण मी हात लावला नाही. दाबलं की भर रस्त्यात करकचून थांबली तर?

धागाकर्ती : सुमनताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! बटण दाबलं तरी गाडी आधी सुरक्षित जागा शोधते आणि मग कडेला थांबते. पण तसं बटणावर लिहिलेलं नाही. "पुढे जागा बघून थांबव" असं लिहिलं आणि खाली थांबायची जागा नकाशावर दाखवली तर दाबाल का?

घाटवाट, सूचना ब्रेकच्या आधी द्यायची हे पटलं, पण ब्रेक लागणार हे वेमोची गाडी माझ्या अ‍ॅपला आधी कळवणार नाही. चाचणी घेऊ कशी?

घाटवाट : खरी विनाचालक गाडी हवीच कशाला? मित्राची साधी गाडी घ्या, पुढच्या नि मागच्या सीटमध्ये पडदा लावा. चालवणारा ब्रेकवर पाय ठेवायच्या आधी एक बटण दाबेल, मागे फोनवर तुमची सूचना वाजेल. पडद्याआड माणूस आहे हे मागच्यांना चाचणी संपल्यावर सांगायचं, आणि त्यासाठी विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी आधी काढा. तिकडे त्यालाच वेळ लागतो. प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवा : "कोणत्या वेळी तुम्ही उतरला असता?" पावसात, रस्ता खोदलेला असताना उत्तर बदलतंय का बघा. सगळीकडे "कधीच नाही" आलं, तर तुमचं अ‍ॅप जरा जास्तच गोड बोलतंय.

सुमनताई : दाबेन. पण अक्षर मोठं ठेव, आणि मराठीत बोलू दे तिला.