यूव्ही फ्लेम सेन्सर: सर्टिफिकेट आहे म्हणून भरवसा ठेवायचा?

रबाळेकर_प्लांट: रबाळे एमआयडीसीत आमच्या सॉल्व्हंट यार्डात दोन यूव्ही सेन्सर आहेत, म्हणजे ज्वाळेतले अतिनील (यूव्ही) किरण टिपून आग ओळखणारे. पावसाळ्यानंतर दोन्हींसमोर टेस्ट लॅम्प धरला, तर एकाने दखलच घेतली नाही. काचेवर तेलाचा पातळ थर होता. डोळ्यांना काच स्वच्छ दिसते, यूव्ही मात्र तेवढ्यानेही अडतो. फाइलमध्ये सगळं चोख: ईएन 54-10 आणि सिल-2 ही सर्टिफिकेटं, पेसो या स्फोटक-सुरक्षा संस्थेची मंजुरी, शिवाय जानेवारी आणि जुलैचे फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचे सहामाही दाखले. आग लागली असती तर यातला एकही कागद उपयोगी पडला नसता. माझं मत स्पष्ट आहे, सर्टिफिकेटवर विसंबणं बंद करा आणि दर महिन्याला लॅम्प दाखवा.

तळोजा_सेफ्टी: साहेब, राग रास्त आहे, रोख चुकलाय. पेसो एवढंच बघतं की सेन्सरच्या ठिणगीने आजूबाजूची वाफ पेटणार नाही. सिल हे बिघाडाच्या शक्यतेचं मोजमाप. आग दिसते की नाही, हे ईएन 54-10 तपासतं: पहिल्या वर्गाच्या सेन्सरने 25 मीटरवरची ठरावीक आग 30 सेकंदांच्या आत पकडली पाहिजे. तीन कागद, तीन वेगळे प्रश्न. काच पुसायची जबाबदारी यांपैकी एकानेही घेतलेली नाही, ती आपली. ‘सर्टिफिकेटवर विसंबू नका’ एवढंच वाक्य खरेदी खात्याच्या कानावर गेलं, तर उद्या बिनसर्टिफिकेटचा स्वस्त माल भिंतीवर लागेल. मी हे होताना पाहिलंय.

तुर्भे_फॅब्रिकेशन: आमचं दुखणं उलटं आहे. वेल्डिंगच्या आर्कमधूनही यूव्ही निघतो, त्यामुळे शेडमध्ये आर्क वेल्डिंग सुरू झालं की अलार्म वाजलाच. दोन आठवड्यांत कुणीतरी पॅनलवर बायपास मारला, म्हणजे सेन्सरचा सिग्नल तोडला, आणि तो तसाच राहिला. बायपासमधला सेन्सर म्हणजे नसलेला सेन्सर. यूव्ही काढा, ट्रिपल आयआर लावा, म्हणजे अवरक्त (आयआर) किरणांचे तीन पट्टे बघणारा सेन्सर.

मेंटेनन्सवाली_ताई: दादा, तुमच्या शेडपुरतं पटतं, सरसकट नाही. बरेचसे आयआर सेन्सर गरम कार्बन डायऑक्साइडची 4.3 मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासची खूण शोधतात. हायड्रोजनच्या ज्वाळेत कार्बनच नसतो, आणि ती दिवसा डोळ्यांनाही दिसत नाही. तिथे यूव्ही कामाचा. तो 185 ते 260 नॅनोमीटरचा पट्टा बघतो. सूर्याचे त्या पट्ट्यातले किरण ओझोन वरच शोषून घेतो, त्यामुळे उन्हाने तो फसत नाही.

रबाळेकर, तुम्हाला एक विचारते. यार्डात टोल्युइन आहे का? त्याची वाफसुद्धा यूव्ही शोषते. म्हणजे गळती झाली की, काच लख्ख असली तरी, सेन्सरची नजर अधू होणार, आणि तीही ऐन धोक्याच्या वेळी. जागेला न शोभणारा सेन्सर कितीही पुसला तरी काय उपयोग?

रबाळेकर_प्लांट: टोल्युइनच आहे, ताई. हा मुद्दा आमच्याकडे कुणीच काढला नव्हता, सेन्सर बसवणाऱ्या एजन्सीनेही नाही. ट्रिपल आयआरचा प्रस्ताव या आठवड्यात देतो. तळोजा, सर्टिफिकेट नसलेलं काही घेणार नाही, हे तुमचं मान्य. पण फॉर्म बीवर सही करणाऱ्याने सेन्सरसमोर लॅम्प धरलाच पाहिजे, यावरून मी हटणार नाही.

तळोजा_सेफ्टी: धरा, पण आधी डेल्यूज, म्हणजे अलार्मबरोबर पाणी सोडणारी यंत्रणा, आयसोलेट करा (तात्पुरती तोडून ठेवा), नाहीतर अख्खं यार्ड भिजेल. आणि काम झाल्यावर आयसोलेशन काढल्याची नोंद शिफ्ट रजिस्टरमध्ये सहीसकट करा. तुर्भ्याचा बायपास नोंद नव्हती म्हणूनच राहिला.