आजी-आजोबा दिवस पुरेसा आहे का?

चर्चाप्रवर्तक (पालक, ठाणे)

राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने 2023 मध्ये शाळांना 10 सप्टेंबर हा ‘आजी-आजोबा दिवस’ म्हणून साजरा करण्याची सूचना दिली. हेतू चांगलाच आहे. परंतु ज्या मुलांचे आजी-आजोबा दूर गावी आहेत किंवा हयात नाहीत, त्यांनी त्या दिवशी कोणाचा हात धरून शाळेत यावे? आणि ज्या ज्येष्ठांना नातवंडे नाहीत, त्यांना तर या कार्यक्रमात जागाच नाही. म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की प्रत्येक शाळेने जवळच्या विरंगुळा केंद्राशी किंवा ज्येष्ठ नागरिक संघाशी जोडून घ्यावे आणि चौथी-पाचवीच्या मुलांना वर्षभर, आठवड्यातून एक तास, त्याच त्या ज्येष्ठ व्यक्तीबरोबर प्रकट वाचन किंवा व्यवहारी हिशेब असे काम द्यावे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात ‘एक्सपिरियन्स कोअर’ या उपक्रमात साठीपुढचे नागरिक प्रशिक्षण घेऊन प्राथमिक शाळांत आठवड्याला 15 तास काम करत आणि त्यातून त्यांच्या स्वतःच्या प्रकृतीवर व स्मरणशक्तीवर काय परिणाम होतो, याचाही संशोधकांनी अभ्यास केला. माया सहवासातून लागते, सत्कारातून लागत नाही.

प्रतिसाद (मुख्याध्यापिका, सातारा जिल्हा)

माझा स्पष्ट विरोध आहे. आमच्यासारख्या दोनशिक्षकी शाळेत पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची माहिती आणि निवडणुकीची कामे सांभाळून शिकवण्यासाठी जो वेळ उरतो, त्यातलाच तास आपण मागत आहात. त्याहून गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा आहे. बदलापूरच्या 2024 च्या घटनेनंतर शासनाने शाळेतील कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीबाबत कडक सूचना दिल्या, त्या योग्यच होत्या. वय झाले म्हणून कोणालाही वर्गात मोकळा प्रवेश द्यावा, असे मला मुळीच वाटत नाही. उद्या काही विपरीत घडले तर त्याचे उत्तर मलाच द्यावे लागेल. बाल्टिमोरमध्ये प्रशिक्षण होते आणि काम करणाऱ्यांना मानधनही होते. येथे तो खर्च कोण करणार, हे आपण लिहिलेले नाही.

प्रतिसाद (निवृत्त गिरणी कामगार, सोलापूर)

ताई, पडताळणी जरूर करा, आमच्यापैकी कोणाला त्याचा राग येणार नाही. माझी हरकत निराळी आहे. शाळा आम्हाला बोलावतात त्या ‘संस्कार’ सांगण्यासाठी, आणि मुले निमूट बसून ऐकतात. मी आयुष्यभर माग चालवला. एका इंचात ताण्याचे किती धागे बसतात, चादरीची रुंदी ठरली की एकूण धागे किती लागतात, एक धागा तुटला तर कापडात दोष कसा उमटतो, हे गणित मी पाचवीच्या मुलाला प्रत्यक्ष धागे मोजायला लावून शिकवू शकतो. त्याच मुलाकडून मला मोबाइलवरून वीजबिल भरायला शिकायचे आहे. असे देणे-घेणे असेल तर मी दर आठवड्याला येईन. शाल-श्रीफळासाठी बोलावणार असाल तर क्षमा असावी.

प्रतिसाद (वकील, पुणे)

आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी 2007 च्या कायद्याने मुलांवर टाकलेली आहे. घरात एकटे पडलेल्या वृद्धांची सोय शाळेने लावायची, हा कुटुंबाला मोकळे करण्याचा मार्ग होईल.

चर्चाप्रवर्तक

वकीलसाहेब, तो कायदा अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार मिळवून देऊ शकेल, सोबत मिळवून देऊ शकत नाही. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात 8 मार्च 2016 रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली, ती योगेंद्र बांगर या जिल्हा परिषद शिक्षकांच्या पुढाकाराने. साठी ओलांडलेल्या बायका गुलाबी साडी नेसून अक्षरे गिरवू लागल्या आणि घरी नातवंडे त्यांचा अभ्यास घेऊ लागली. तिथे कुटुंबे मोकळी झाली नाहीत, उलट घरात बोलायला एक नवा विषय आला. मुख्याध्यापिकाताईंचा खर्चाचा मुद्दा मात्र रास्त आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना 10 दिवस सुचवलेले आहेत. निदान त्यांपासून सुरुवात करता येईल.

प्रतिसाद (मुख्याध्यापिका, सातारा जिल्हा)

सोलापूरच्या काकांसारखे काम नेमके सांगणारे ज्येष्ठ आमच्या गावात मिळाले, संघाने त्यांची पोलीस पडताळणी करून दिली आणि समन्वयाचे काम शिक्षकांवर टाकले नाही, तर मी हा विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवीन. या तीन अटी लेखी मान्य होईपर्यंत माझा विरोध कायम समजावा.