ड्रायवॉलवर ६५ इंची टीव्ही धरेल का?

पोहेवाला_एनजे:
न्यू जर्सीत टाउनहाऊस घेतलंय, हॉलमध्ये ६५ इंची टीव्ही भिंतीवर लावायचाय, वजन साधारण २५ किलो. भिंत ड्रायवॉलची, म्हणजे जिप्सम बोर्डाची, वाजवली की नुसता पोकळ आवाज. पुण्यात कसं, विटांच्या भिंतीत ड्रिल मारून गट्टू ठोकला की विषय संपला. इथे दुकानात पोकळ भिंतीत स्क्रू धरून ठेवणारे अँकर मिळतायत, पाकिटावर १०० पाउंड लिहिलंय, असे चार मारले तर पुरे ना? माउंट पुढे ओढून वळवता येणारा आहे, किचनमधून दिसावा म्हणून.

ठोकपीट:
अँकरच्या भानगडीत पडूच नका हो. ते १०० पाउंड भिंतीलगत सरळ खाली लटकणाऱ्या वजनाचे, तुमच्या माउंटचा आर्म दीड-दोन फूट पुढे आला की वरचे स्क्रू बाहेर खेचले जाणार आणि अर्धा इंच जिप्सम बोर्ड तो काय धरणार. आतले लाकडी स्टड, म्हणजे बोर्डामागचे उभे खांब, शोधा, बहुतेक दर १६ इंचांवर असतात, कुठे कुठे २४. स्टड फाइंडर कधीकधी काहीही दाखवतो, त्यापेक्षा साधं लोहचुंबक फिरवा, एका उभ्या रेषेत तीन-चार ठिकाणी चिकटलं की बोर्डाचे स्क्रू तिथे, म्हणजे स्टडही तिथेच. मग बारीक खिळा मारून दोन्ही कडा चाचपा, कारण स्टड नावाला २ बाय ४ इंची पण समोरची रुंदी दीडच इंच आणि लॅग बोल्ट (लाकडात जाणारा जाड स्क्रू) बरोब्बर मध्ये जायला हवा. आधी बोल्टपेक्षा बारीक भोक पाडा, नाहीतर लाकूड चिरतं.

मामंजी:
+१. स्विच किंवा आउटलेटच्या सरळ वर-खाली ड्रिल मारू नका, वायर स्टडला धरूनच गेलेली असते. आणि टीव्हीची पॉवर कॉर्ड भिंतीच्या आतून ओढू नका, अमेरिकेत इलेक्ट्रिकल कोडमध्ये (वायरिंगच्या नियमांत) बसत नाही ते, मागे वेगळा आउटलेट करून घ्या.

पोहेवाला_एनजे:
चुंबक भारी चाललं!! स्टड दोन मिळाले पण सोफ्याच्या समोर नाही ना येत, सहा इंच डावीकडे जातंय सगळं. एक बाजू स्टडमध्ये आणि एक अँकरवर चालेल?

ठोकपीट:
नाही. माउंटची प्लेट दोन्ही स्टडवरच. बऱ्याच माउंटमध्ये टीव्ही प्लेटवर आडवा सरकतो, तुमच्यात बघा, नसेल तर पाऊण इंची प्लायवुड तीन स्टडना बोल्ट करा आणि त्यावर प्लेट हवी तिथे, रंग मारला की टीव्हीमागे कोणाला दिसतंय.