रॉबर्ट प्लांटचा 'ललबाय अँड द सीसलेस रोअर' कोणी ऐकलाय? वयामुळे आवाज खाली आलाय की ठरवून खाली आणलाय?

माळरान

नमस्कार मंडळी, लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडचे चाहते इथे बरेच आहेत, म्हणून त्यांच्या गायकाबद्दल विचारतोय. प्लांटचा २०१४ चा सोलो अल्बम सध्या माझ्या डोक्यातून जातच नाहीये. झेपलिनच्या सगळ्या रेकॉर्ड तोंडपाठ असलेल्या लोकांनीही तो बरेचदा ऐकलेला नसतो, आणि ऐकला असला तरी "हो चांगलाय, शांत आहे" एवढं म्हणून पुढे जातात आणि ते मला अजिबात पटत नाही. शांत कुठेय तो? 'एम्ब्रेस अनदर फॉल' नीट हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला प्लांट एकदम खालच्या पट्टीत, जवळजवळ स्वतःशीच बोलल्यासारखा गातो, मागे संथ ठेका चालू असतो, आणि आपण आता गाणं असंच जाणार म्हणून निवांत झालो की मधेच गिटारी अशा काही कोसळतात की दचकायला होतं, आणि त्या गदारोळातून ज्युली मर्फी नावाच्या गायिकेचा आवाज येतो, ती वेल्श भाषेतल्या एका जुन्या लोकगीताचं कडवं म्हणते. शब्द एक कळत नाही पण काहीतरी गेलंय, कोणीतरी गमावलंय हे थेट पोचतं.

तेव्हा तो ६६ वर्षांचा होता. हाच माणूस झेपलिनच्या 'इमिग्रंट साँग'मध्ये ज्या किंकाळीने सुरुवात करायचा ती आठवा. या अख्ख्या अल्बममध्ये, अकरा गाण्यांत, तसं एकदाही नाही. आता माझा प्रश्न असा की हे वयाने करायला लावलंय की त्याने ठरवून केलंय? आणि तुम्हाला यात सगळ्यात जास्त काय आवडतं? मला खरंच ऐकायचंय, नुसतं +१ नको.

संबळ

वा, या अल्बमवर धागा निघेल असं वाटलं नव्हतं, फार बरं वाटलं.

आवाजाबद्दल नंतर कोणीतरी लिहीलच, मी आधी वाद्यांवर लिहितो कारण माझा जीव तिथे अडकलाय. पहिलंच गाणं 'लिटल मॅगी' घ्या. हे अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन डोंगराळ भागातलं पारंपरिक गाणं, ब्लूग्रासवाले बँजोवर वर्षानुवर्षं वाजवत आलेत. प्लांटच्या बँडने त्यात जुलदेह कमाराला आणलं, गांबियाचा माणूस, तो रिट्टी वाजवतो. रिट्टी म्हणजे भोपळ्यावर कातडं ताणलेलं आणि घोड्याच्या केसांची एकच तार. गोंधळी लोकांचं तुणतुणं ऐकत मोठे झालेल्याला एका तारेचं काय विशेष असं वाटेल, पण तुणतुणं छेडतात आणि रिट्टी गजाने वाजवतात, त्यामुळे ती राजस्थानच्या रावणहत्थ्याच्या जास्त जवळची. एका तारेतून तो जो खरखरीत रडवेला आवाज काढतो ना, तो प्लांटच्या आत्ताच्या आवाजाला असा काही चिकटतो की मधेमधे कोण गातंय आणि काय वाजतंय याचा पत्ता लागत नाही. गाणं जुन्या पद्धतीने सुरू होतं आणि संपेपर्यंत इलेक्ट्रॉनिक ठेक्यात जाऊन पोचतं, आणि सांधा कुठे आहे ते सापडत नाही.

याचं कारण बँड. जस्टिन अ‍ॅडम्स हा गिटारवाला तिनारिवेन या सहारातल्या बँडच्या संगीताशी आधीपासून जोडलेला, त्यांच्या पहिल्या गाजलेल्या अल्बमचा तो निर्माता होता. अ‍ॅडम्स, कमारा, बेसवाला बिली फुलर आणि ड्रमवाला डेव्ह स्मिथ हे चौघं प्लांटशिवायसुद्धा जुजू नावाने एकत्र वाजवायचे. कीबोर्डवरचा जॉन बॅगॉट मॅसिव्ह अटॅक आणि पोर्टिसहेड या बँडबरोबर वाजवलेला. म्हणजे ही मंडळी एका मोठ्या गायकामागे पगारावर उभी केलेली नाहीयेत, यांचं आपापसात आधीच जमलेलं होतं आणि प्लांट त्यात येऊन बसला. नाव त्याचं असलं तरी तो मालकासारखा गात नाही, मेळातला एक म्हणून गातो. शेवटचं 'आर्बाडेन' ऐका, त्यात 'लिटल मॅगी' परत येते आणि कमारा आपल्या भाषेत गातो, प्लांट त्याला जागा करून देतो. एवढ्या मोठ्या गायकाने आपला अल्बम दुसऱ्याच्या आवाजाकडे सोपवून संपवावा याचं मला फार कौतुक आहे.

स्वाती_ठाणे

मी वाद्यांमधली जाणकार नाही पण हा अल्बम माझ्या फार जवळचा आहे म्हणून लिहितेय. माझ्यासाठी हा घरी परत आल्याचा अल्बम आहे. प्लांट त्याआधी टेक्सासमध्ये ऑस्टिनला राहत होता, तिथलं सगळं आवरून तो वेल्सच्या सीमेवरच्या आपल्या मुलखात परतला आणि मग ही गाणी आली. ते माहीत नसताना मी ऐकला तेव्हाही हा माणूस कुठून तरी निघून आलाय हे जाणवत होतं. 'टर्न इट अप'मध्ये तो मिसिसिपीत गाडी चालवतोय, रेडिओ लावलाय, चार्ली पॅटन या जुन्या ब्लूज गायकाचं नाव येतं, ज्या ब्लूजवर याचं सगळं आयुष्य उभं राहिलं त्या ब्लूजच्या गावात तो पोचलाय, आणि नेमका तिथेच हरवलाय. ते गाणं मला दर वेळी अस्वस्थ करतं.

आणि मग 'अ स्टोलन किस'. फक्त पियानो आणि आवाज असं म्हणावं इतकं उघडं गाणं. तरुण प्लांटने हे गायलं असतं तर दुसऱ्या कडव्यात वर गेला असता, आपल्याला रडवायला निघाला असता. इथे तो जातच नाही वर. ओळ संपत आली की आवाज सोडून देतो, शेवटचं अक्षर अर्धं श्वासातच जातं, आणि नंतरच्या पियानोच्या दोन सुरांत ते तुम्हीच पुरं करायचं असतं. मला विचाराल तर हे ठरवून आहे, कारण थकलेल्या गळ्याला एवढा ताबा जमत नाही माळरानदादा.

जुना_गडी

सगळ्यांचं वाचलं, छान लिहिलंय, तरी माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासून आहे, वाद घालायचा म्हणून नाही. मला तो जुना आवाज हवाय. 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' मधे जो माणूस गातो त्याच्यावर मी जीव टाकला, आणि २००७ च्या डिसेंबरला लंडनच्या ओटू अरीनात झेपलिनने एकदाच एकत्र येऊन वाजवलं तेव्हा त्याला ते अजून जमतं हे जगाने बघितलं. त्यानंतर बाकीचे तिघं तयार होते, दुसरे गायक आणून तालमीसुद्धा करून बघितल्या, पण हा काही आला नाही. जिमी पेजसारखा झेपलिनचा गिटारवाला घरी बसून राहिला आणि हा रिट्टी ऐकत बसला हे मला आजही लागतं. अल्बम वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. 'पॉकेटफुल ऑफ गोल्डन'ची पहिलीच ओळ झेपलिनच्या 'थँक यू'च्या पहिल्या ओळीवरून घेतलेली आहे, ती कानावर पडली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, पण त्याच वेळी वाटलं की बघा, याच्या मनातही आहेच ना ते सगळं, मग पेजबरोबर काय हरकत होती?

माळरान

जुना_गडी, तुमचं वाईट वाटणं कळतंय, मलाही ओटूची रेकॉर्डिंग बघताना तसंच होतं. पण दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे हा माणूस पहिल्यापासून हे सांगत आलाय. १९८० च्या सप्टेंबरमध्ये झेपलिनचा ड्रमवाला बॉनम गेला, झेपलिन थांबलं, १९८२ ला याने पहिला सोलो अल्बम काढला आणि तेव्हापासून जुन्या गाण्यांवर दुकान चालवायचं नाही हे तो पाळत आलाय, मधे पेजबरोबर दोन अल्बम केले तरीही. २००५ च्या 'मायटी रीअरेंजर'मध्ये 'टिन पॅन व्हॅली' म्हणून गाणं आहे, त्यात जुन्या कीर्तीवर जगणाऱ्या आपल्याच पिढीच्या गायकांबद्दल तो स्पष्ट बोललाय. असं गाऊन झाल्यावर वर्ल्ड टूरला कसा जाईल.

दुसरं, त्याने ती गाणी सोडलेली नाहीत. २०१४ च्या जूनला ग्लास्टनबरीत याच बँडबरोबर तो 'होल लॉटा लव्ह' गायला, कमाराच्या रिट्टीसकट. जरूर बघा. तिथे तो वर जातो, पोचतोही, म्हणजे गळा शाबूत होता. मग दोनच महिन्यांनी आलेल्या अल्बममध्ये एवढं खाली राहणं हा त्याचा निर्णय आहे, माझा कौल आता स्वातीताईंच्या बाजूने. आणि मला वाटतं यात अ‍ॅलिसन क्राउस या अमेरिकन गायिकेचा मोठा हात आहे. झेपलिनमध्ये हा बहुतेक वेळा एकटाच पुढे उभा राहून गायचा, दुसऱ्याच्या आवाजात आवाज मिसळायचा प्रश्न फारसा यायचाच नाही. २००७ ला क्राउसबरोबर 'रेझिंग सँड' केला, त्यात तिच्या आवाजाला धरून, तिच्या खाली किंवा बाजूने गायला शिकला, आणि मग त्या अल्बमला ग्रॅमीत अल्बम ऑफ द इयर मिळालं. साठीला आलेला माणूस नवीन गायकी शिकला हो! आपल्याकडे मल्लिकार्जुन मन्सूरांच्या उतारवयातल्या मैफलींबद्दल लोक किती जीव टाकून बोलतात, गवई पिकला म्हणतात. रॉकच्या गायकाला मात्र आपण पंचविशीतच राहा म्हणतो, त्याला पिकूच देत नाही.

वांद्रे_पश्चिम

उशिरा आलो धाग्यावर. एक मुद्दा कोणीच काढला नाही म्हणून लिहितो, आणि तो आपल्या मुंबईचा आहे. १९७२ च्या ऑक्टोबरात पेज आणि प्लांट मुंबईत आले होते आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही झेपलिनची गाणी रेकॉर्ड केली होती. वर्षानुवर्षं ती चोरट्या रेकॉर्डवरच फिरत होती, शेवटी २०१५ ला झेपलिनच्या 'कोडा' अल्बमच्या नवीन आवृत्तीत बॉम्बे ऑर्केस्ट्रा नावाने अधिकृतपणे आली. तबला आणि व्हायोलिनांवरचं 'फोर स्टिक्स' ऐका. मूळ गाणंच पाच आणि सहाच्या मात्रांत अदलाबदल करणारं, ते आपले वादक कसं पकडतात ते ऐकताना मजा येते, आणि प्रयत्न पुरता जमलेला नाही हेही कळतं, कारण दोन्ही बाजू आपापल्या जागी ताठ उभ्या आहेत.

मग १९७५ चं 'काश्मीर' आलं, ज्याचे शब्द प्लांटला मोरोक्कोच्या दक्षिणेत वाळवंटातल्या रस्त्यावर गाडी चालवताना सुचले. मग १९९४ ला पेजबरोबरच 'नो क्वार्टर', त्यात इजिप्तचे वादक, आणि 'बॅटल ऑफ एव्हरमोर' गायला नजमा अख्तर. २००३ ला मालीत टिंबक्टूजवळच्या वाळवंटातल्या महोत्सवात जाऊन गायला. म्हणजे मुंबईपासून हा माणूस एकच गोष्ट शोधत होता, की आपला ब्लूज आणि हे पूर्वेचं, आफ्रिकेचं संगीत एकाच घरात कसं नांदेल, आणि माझ्या मते २०१४ च्या अल्बममध्ये ते नांदलं. त्यासाठी ओरडणं सोडावं लागलं, कारण तसला आवाज लावला की रिट्टी ऐकूच येणार नाही. जुना_गडी, पेजबरोबर गेला असता तर पेजच्या गिटारीपुढे परत ओरडावंच लागलं असतं की.

जुना_गडी

वांद्रे_पश्चिम, हा मुद्दा लागला. रिट्टी ऐकू यायला आवाज खाली हवा, असा विचार मी केला नव्हता. पेजचं दुःख राहणारच, पण आज रात्री परत ऐकतो, 'लिटल मॅगी' आणि 'आर्बाडेन' लागोपाठ.

ओवी_२२

मी झेपलिन फारसं ऐकलेलं नाहीये, दोनतीनच गाणी माहीत आहेत. मला हा अल्बम थेट ऐकला तर चालेल का, की आधी जुनं ऐकू? आणि यानंतर काय ऐकायचं?

संबळ

ओवी, थेट ऐक, उलट तू नशीबवान आहेस, तुझ्या कानात तुलनाच नाही. फक्त मोबाईलच्या स्पीकरवर नको ऐकूस, खालच्या पट्टीतला सगळा ऐवज तिथे मरतो. 'रेनबो'पासून सुरू कर, त्यात वाद्यं कमी आणि आवाज एकदम समोर आहे, मग 'एम्ब्रेस अनदर फॉल', मग पहिल्यापासून सलग.

नंतर २०१७ चा 'कॅरी फायर' घे, बँड जवळपास हाच, एका गाण्यात गायिका क्रिसी हाइंडसुद्धा आहे. तिथून मागे २००५ च्या 'मायटी रीअरेंजर'ला ये, तो जास्त दणदणीत आहे. २०२५ चा 'सेव्हिंग ग्रेस'पण ऐक, सुझी डायनबरोबर गायलाय, सत्याहत्तरीतला आवाज आहे तो. झेपलिनकडे जाशील तेव्हा तिसऱ्या अल्बमपासून जा, त्याची दुसरी बाजू बरीचशी अकूस्टिक आहे, या सगळ्याची मुळं तुला तिथे दिसतील.

स्वाती_ठाणे

आणि ओवी, 'हाउस ऑफ लव्ह' वगळू नकोस, त्याच्याबद्दल इथे कोणी लिहिलं नाही पण ते फार सुंदर आहे. ऐकून झालं की याच धाग्यावर लिही.